यंत्र आपले, किल्ली कुणाची?

जपानमध्ये विकत घेतलेली खेळाची तबकडी ऑस्ट्रेलियात घेतलेल्या प्लेस्टेशनवर चालत नसे. तबकडी अस्सल, दाम रोख मोजलेले. तरीही यंत्र मुलूख पाहून नकार देई! परदेशी राहणाऱ्याने करावे तरी काय? सिडनीचे एडी स्टीव्हन्स यंत्रात छोटी चिप बसवून ही आडकाठी दूर करीत. त्या चिपमुळे नकली तबकड्याही चालत, म्हणून सोनी कंपनीने त्यांना न्यायालयात खेचले. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टीव्हन्स यांच्या बाजूने निकाल दिला.

हा खटला आपल्याला परका वाटेल. पण आमच्या नारायणगड परिसरात विहिरीवरची मोटार जळाली, की मिस्त्री ती उघडून वायंडिंग करून देतो. त्याला कुणी गुन्हेगार म्हणत नाही. मग खेळयंत्र उघडणाराच आधी चोर का ठरावा?

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५-ए कुलूप तोडणाऱ्याचा हेतू पाहते. हक्कभंगाचा हेतू असेल तरच दोन वर्षांपर्यंत कैद! हा विवेक मला योग्य वाटतो. चोराला शिक्षा जरूर व्हावी. परंतु घामाच्या पैशाने घेतलेल्या वस्तूची किल्ली घेणाऱ्याच्याच हाती असली पाहिजे.