उघड्या डोळ्यांना दिसणारा कर्करोग

पोटातला कर्करोग उशिरा कळतो, कारण तो आत दडलेला असतो. त्वचेचा कर्करोग पहिल्या दिवसापासून उघड्यावर असतो, तरीही आपल्या विदर्भात तो उशिराच डॉक्टरांपुढे येतो. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात दोन स्त्रियांच्या आजाराची नोंद प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांची, दुसरी सत्तरीला टेकलेली. दोघींच्याही कमरेवर, वस्त्राची गाठ रोज जिथे काचते तिथेच, न भरणारी जखम होती. एकीची दीड वर्ष चिघळत होती, दुसरीची दोन वर्षं. एक परकराचा नाडा घट्ट बांधत असे, दुसरी लुगडं नेसत असे. दोघींच्याही जखमा कर्करोगाच्या निघाल्या आणि दुसरीचा रोग तोवर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. माझा प्रश्न त्या दीड-दोन वर्षांचा आहे. इतका काळ ती जागा कोणीच का तपासली नाही?

हे दुखणं नवं नाही. धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या अशाच कर्करोगाची नोंद डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच शास्त्रीय नियतकालिकात केली होती. नाडा किंवा काष्टा एकाच रेषेवर वर्षानुवर्षं घासतो. घाम, धूळ आणि ताण यांनी कातडी आधी काळवंडते, मग सोलते, मग तिथे जखम होते. ती भरते आणि पुन्हा फुटते. हा खेळ वर्षानुवर्षं चालला की काही थोड्या जणांत पेशींची वाढ बेताल होते. चुलीवर भाजल्याच्या जुन्या व्रणावर आणि कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायाच्या जुनाट जखमेवरही हाच धोका असतो. गोऱ्या लोकांच्या देशात उन्हात राहणारा चेहरा आणि अंगावरचे तीळ तपासतात. सावळ्या कातडीत तिळाचा घातक कर्करोग बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली निघतो. म्हणजे आपल्याकडे मुख्यतः बघायच्या जागा चार आहेत: कमर, जुने व्रण, तळपाय आणि नखं. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईचं नेमकं तिथेच लक्ष जात नाही. पायाला काही झालं तर हळद लावायची आणि पुन्हा बांधीत उतरायचं, ही तिची रीत.

यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातून कुष्ठरोग अजून हटलेला नाही, म्हणून शोधमोहिमेत आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक घरोघर जाऊन कातडीवरचे फिकट, बधिर चट्टे शोधतात. बायांची तपासणी बाई करते, पुरुषांची पुरुष. म्हणजे त्वचा बघण्यासाठी दारात माणूस येतोच. माझं म्हणणं एवढंच, की चट्टा बघणाऱ्या त्याच नजरेला या चार जागा शिकवाव्यात आणि महिनाभरात न भरलेल्या जखमेची नोंद त्याच वहीत व्हावी. आज तीस वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी सरकारी तपासणी होते. त्वचा त्या यादीत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की हा कर्करोग आपल्याकडे दुर्मीळ आहे. खरं आहे, देशातल्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा फार लहान आहे. पण दुर्मीळपणामुळेच तो कोणाच्या मनात येत नाही आणि मलमावर मलम लावण्यात वर्ष जातं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०२३ साली सांगितलं, की कोणतीही तक्रार नसलेल्या सगळ्यांची त्वचा सरसकट तपासण्याच्या बाजूने वा विरुद्ध पुरेसा पुरावा नाही. जर्मनीत २००८ पासून ३५ वर्षांवरील प्रत्येकाला दर दोन वर्षांनी ही तपासणी मिळते, तरी तिने मृत्यू कमी झाल्याचं निर्विवाद दिसलेलं नाही. हा पुरावा मला मान्य आहे, म्हणूनच मी सरसकट तपासणी मागत नाही. ज्यांना जुना व्रण, कमरेची काळी सोललेली रेघ किंवा बधिर पाय आहे, त्यांच्यापुरती नियमित तपासणी मागतो. धोका ज्यांना आहे, त्यांच्यावरच लक्ष ठेवण्याचा हा प्रश्न आहे.

आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा तिसरा आक्षेप. आणि तो खरा आहे. वाढीव कामाचा वाढीव मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे, आणि जखम दाखवल्यावर पुढे कुठे पाठवायचं हेही ठरलेलं हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत भंडाऱ्याचंही नाव आहे. तिथल्या त्वचारोग विभागाने तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी तपासणी ठेवली, संशय आल्यास तुकडा काढून तपासला, तर लाखांदूर किंवा तुमसरच्या बाईला पहिल्याच तपासणीसाठी नागपूर गाठावं लागणार नाही. वेळेत सापडलेली छोटी गाठ बहुतेकदा जागा बधिर करून काढता येते. जांघेतल्या गाठीपर्यंत पसरलेल्या रोगासाठी मात्र मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि मजुरी बुडालेले कित्येक आठवडे मोजावे लागतात.

कोणी लुगडं सोडावं असं यात काहीच नाही. नाडा रुंद असावा, सैल बांधावा, गाठीची जागा बदलत राहावी, कातडी सोलली असेल तर ती भरेपर्यंत तिथे काचू देऊ नये. जिल्हा आरोग्य यंत्रणेने पुढच्या कुष्ठरोग शोधमोहिमेतच या चार जागांची भर घालावी. आणि वाचकांनी तोवर थांबू नये. घरातल्या आजीला, आईला आजच विचारा: कमरेवर, पायावर, जुन्या भाजल्याच्या जागी महिनाभर न भरलेली जखम आहे का? उत्तर ‘हो’ आलं, तर मलम बाजूला ठेवा आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.