हौसेला मोल असतं

हौसेला मोल नसतं, असं आपल्याकडे मोठ्या कौतुकानं म्हणतात. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला ही म्हण ऐकली की थोडी धडकीच भरते. मोल प्रत्येक हौसेला असतं आणि ते कुणाच्या तरी खात्यावर नावे पडतच असतं. ज्याची हौस त्याच्याच खात्यावर ते पडतं का, एवढाच प्रश्न असतो. गेली तीन वर्षं मी घराच्या अंगणात एक जुनी मोटार पुन्हा उभी करत होतो. त्या खटाटोपाचा जमाखर्च आज वाचकांपुढे ठेवतो आहे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेले पैसे अशा मोटारीत घालायला निघालेले दोन-तीन समवयस्क माझ्याच ओळखीत आहेत. त्यांच्या तो उपयोगी पडावा, हा एक हेतू. दुसरा हेतू ओघात येईलच.

मोटार माझ्या वडिलांची. अण्णा सांगलीत डॉक्टर होते. त्या काळी मोटार दुकानात जाऊन विकत घेता येत नसे. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. अण्णांचा नंबर १९७३ मध्ये लागला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. १९६४ पासून तिचं नाव फियाट अकराशे डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. आमची मधली, प्रेसिडेंट. पण सांगलीत तिला कुणीही प्रेसिडेंट म्हटलं नाही. ती ‘डॉक्टरांची फियाट’च राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच लावलेला गिअर आणि तो टाकताना अण्णांचा किंचित वर होणारा डावा खांदा, हे माझ्या बालपणाचं चित्र आहे.

अण्णा १९९८ मध्ये गेले आणि गाडी गावभागातल्या घराच्या पडवीत उभी राहिली ती राहिलीच. २००५ च्या पुरात पाणी तिच्या चाकांपर्यंत आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई तिच्या टपावरून गेली. मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. पूर ओसरल्यावर दार उघडलं तर सीटवर वीतभर गाळ होता. भंगारवाल्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मला राग आला. पुढच्या साऱ्या खर्चाचं मूळ त्या रागात आहे, हे आता कळतं.

२०२२ मध्ये मी अंदाजपत्रक केलं. बँकवाल्याचं अंदाजपत्रक म्हणजे काय विचारता! लाल रेघ मारलेला फुलस्केप कागद, डावीकडे बाब, उजवीकडे रक्कम. पत्र्याचं काम साठ हजार, रंग सत्तर, इंजिन आणि गिअरबॉक्स पंचेचाळीस, ब्रेक आणि पाटे पंचवीस, वायरिंग आणि बॅटरी वीस, टायर पंधरा, सीट पंचवीस, रबर-क्रोम-किरकोळ तीस, कागदपत्रं दहा. एकूण तीन लाख. त्यावर शिरस्त्याप्रमाणे दहा टक्के ‘अनपेक्षित’, म्हणजे तीस हजार. कागद मोठ्या ऐटीत पत्नीसमोर ठेवला. तिनं तो वाचला, उलटा करून ठेवला आणि म्हणाली, “गाडीला किती लागतील ते नंतर सांगा. आपल्याला किती परवडतील ते आधी ठरवा.”

मी जन्मभर कर्जदारांना हेच सांगत आलो होतो आणि नेमकं स्वतःच्या वेळी विसरलो होतो. औषधपाणी, लेकीकडचं जाणं-येणं, घराची डागडुजी हे सारं वगळून आम्ही दोघांनी एक रक्कम ठरवली : पाच लाख, तीन वर्षांत, वेगळ्या खात्यात. ते खातं संपलं की गाडी ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत काम थांबणार. मुदत ठेव मोडायची नाही, उसने घ्यायचे नाहीत. त्या वेळी मला ही मर्यादा उदार वाटली होती.

पहिल्याच महिन्यात डेंटरनं गाडी लोखंडी स्टँडवर चढवली, खालून एक साधा स्क्रू-ड्रायव्हर फुटबोर्डला टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. बॉडी हाच तिचा सांगाडा. फुटबोर्डच्या पोकळीत दोन पुरांचा गाळ साठून राहिला होता आणि पत्रा आतून बाहेर सडत आला होता. वरून रंग शाबूत होता, कारण त्याखाली कुणीतरी पूर्वी बोटभर लांबी भरून ठेवली होती. मी साठ हजारांचा आकडा काढला होता तो वरून पाहून. पत्र्याचे शेवटी एक लाख पस्तीस हजार झाले.

बाकीचं थोडक्यात सांगतो. इंजिन अडकलेलं होतं. कोल्हापुरात उद्यमनगरला नेऊन ब्लॉक बोअर करून घेतला, पिस्टन-रिंगा नव्या घातल्या, बहात्तर हजार. रंगाचे पंचाऐंशी, ब्रेकचे एकतीस, वायरिंगचे चौतीस, टायरचे सोळा. रबराची बीडिंग, हँडलं, क्रोमच्या पट्ट्या या ‘किरकोळ’ सदराखाली बावन्न हजार गेले. किरकोळ या शब्दावर माझा आता विश्वास उरलेला नाही. सीटमध्ये मात्र तीन हजार वाचले, कारण उसवणं आणि काथ्या भरणं आम्ही घरीच केलं. कागदपत्रांना पंधरा. एकूण चार लाख बासष्ट हजार. अंदाज चुकला तो चौपन्न टक्क्यांनी. शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!” मी हसलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण वेगळं होतं.

१९८७ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखेत कर्जाची प्रकरणं पाहत असे. वय अठ्ठावीस. एका गॅरेजच्या मिस्त्रीनं अपघातातला ट्रक स्वस्तात घेतला होता. तो दुरुस्त करून चालवायला त्याला कर्ज हवं होतं. त्याच्या अर्जात सुट्या भागांचे आणि मजुरीचे चाळीस हजार होते आणि शेवटी एक ओळ होती : ‘न दिसणारं काम, बारा हजार’. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “सायब, झाकलेलं काम हाय. उघडल्याबिगर कळायचं न्हाई.” मी त्या ओळीवर काट मारली. जे दाखवता येत नाही त्याला कर्ज कसं देणार? नियमात मी चुकलो नव्हतो. वरिष्ठांनी शाबासकीही दिली. चाळीस हजार मंजूर झाले, ट्रक उघडला गेला, पैसे संपले आणि सहा महिने तो गॅरेजच्या दारात तसाच सांगाडा होऊन उभा राहिला. हप्ते मात्र तो भरत होता. कशातून, ते मी विचारलं नाही. पुढे त्यानं ट्रक आहे तसा विकून टाकला.

त्या माणसानं तीस टक्के मागितले होते. मी माझ्या गाडीला चौपन्न टक्के जास्त घातले आणि तरीही सुखरूप राहिलो, कारण माझ्या पत्नीनं माझ्यासाठी जागा ठेवली होती. त्याच्यासाठी मी ती ठेवली नाही. सगळा आयुष्यभर मी ज्याला फुगवलेला आकडा समजत आलो, तो एका जाणत्या कारागिराचा प्रामाणिक अंदाज होता. खोटा आकडा असलाच तर तो माझ्या दहा टक्क्यांचा होता, कारण तो कुठलीही गाडी न उघडता ठरवलेला होता.

म्हणून जे या वाटेला निघाले आहेत त्यांना माझं सांगणं आहे. पहिली रक्कम ठेवा ती गाडी उघडून पाहण्याची : पाच-दहा हजार द्या, गाडी खालून तपासून घ्या आणि मगच अंदाजपत्रक लिहा. त्यानंतरही एक तृतीयांश रक्कम ‘न दिसणारं काम’ म्हणून वेगळी काढा. खर्चाचा क्रम पत्रा, ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन असा ठेवा आणि रंग शेवटी करा. चमकणारी पण न थांबणारी गाडी काय कामाची? काम टप्प्यांत करा. सगळी गाडी एकदम खोलली तर सुट्या भागांना गाडीच्या तिप्पट जागा लागते आणि सहा महिन्यांनी कुठला बोल्ट कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आम्ही बिस्किटांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घेतला. खोलणं, घासणं, धुणं घरी करा. वेल्डिंग, बोअरिंग, क्रोम आणि रंग जाणत्याकडे द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली कुणी जाऊ नये, हे मात्र हिशेबापलीकडचं.

कागदपत्रांचं कलम हलकं समजू नका. आमची गाडी अण्णांच्याच नावावर होती, तेव्हा भावंडांची संमती आली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी विंटेज नोंदणी आहे. तिची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा बदल केलेल्या गाडीला ती मिळत नाही आणि मिळाली तरी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मला ती चालवायची होती, म्हणून मी साधं नूतनीकरण केलं. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार झाली. मी थोडक्यात वाचलो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या त्यात टिकत नाहीत, त्या बदलण्याचा खर्च आधीच धरा.

आणि कृपा करून या खर्चाला गुंतवणूक म्हणू नका. मुंबईतून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली तेव्हापासून ‘आता भाव येणार’ असं सांगणारे खूप भेटतात. कुणाला येईलही. पण विकायची नसलेली वस्तू ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवणं ही स्वतःची फसवणूक आहे. हा खर्च आहे. तो परवडत असेल तर आनंदानं करावा, नसेल तर अण्णांचा फोटो भिंतीवर आहेच.

२०२५ च्या मे महिन्यात गाडी स्वतःच्या चाकांवर अंगणाबाहेर पडली. हरिपूरच्या संगमापर्यंत जाऊन आलो. परतताना पत्नीनं विचारलं, “खात्यात किती उरले?” म्हटलं, अडतीस हजार. “मग हे पेट्रोलला,” ती म्हणाली.

घरी येऊन वहीत शेवटची नोंद केली. तीन वर्षांपूर्वीच्या त्या फुलस्केपवर ‘अनपेक्षित, दहा टक्के’ ही ओळ अजून आहे. तिच्यावर मी काट मारली आणि वर लिहिलं : ‘न दिसणारं काम’. अडतीस वर्षं उशिरा का होईना, ते कलम मंजूर केलं.