इंजिनं चालू होती, मग विमान पडलं कसं? प्रॉपेलर, ‘फेदर’ आणि पोखराचा अपघात

१५ जानेवारी २०२३ चा तो व्हिडिओ बहुतेकांनी मोबाईलवर पाहिला असेल. नेपाळमधल्या पोखरा इथे उतरायला आलेलं यती एअरलाइन्सचं विमान घरांच्या वर अचानक डावीकडे कलंडतं आणि खाली जातं. विमानातले सगळे ७२ जण गेले. त्यात ५ भारतीय होते.

तेव्हापासून असा अपघात झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक वाक्य हमखास फिरतं: “पंख्याच्या विमानात बसू नका, ती जुनी टेक्नॉलॉजी आहे.” आपल्यासाठी हे महत्त्वाचं आहे, कारण कोल्हापूर, नाशिक, जळगाव, सिंधुदुर्ग या विमानतळांवर याच जातीचं एटीआर विमान उतरलेलं आहे. २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतलं पहिलं विमान शिमल्याहून दिल्लीला उडालं, तेही एटीआरच होतं. म्हणून आज प्रॉपेलर नेमका चालतो कसा आणि पोखरात काय बिघडलं, ते नीट समजून घेऊ.

प्रॉपेलर म्हणजे फिरणारा पंख

घरातला पंखा हवा ढकलतो, तेवढंच काम प्रॉपेलर करतो असं आपल्याला वाटतं. पण त्याचं एक पातं कापून पाहिलं तर त्याचा आकार विमानाच्या पंखासारखाच दिसेल. पंख विमानाला वर उचलतो आणि पातं तसाच जोर पुढच्या दिशेने देतं.

पातं सरळ नसतं, त्याला पीळ दिलेला असतो. मधल्या भागापेक्षा टोक खूप जास्त वेगाने फिरतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी हवेला भिडायचा कोन वेगळा ठेवावा लागतो. एटीआर ७२ चा प्रॉपेलर जवळपास ३.९३ मीटर व्यासाचा आणि सहा पात्यांचा आहे. तो मिनिटाला १२०० फेरे मारतो तेव्हा टोकाचा वेग सेकंदाला साधारण २४७ मीटर होतो. ध्वनीचा वेग आहे सुमारे ३४० मीटर. टोक त्या वेगाजवळ गेलं की आवाज वाढतो आणि ताकद वाया जाते. त्यामुळे प्रॉपेलर हवा तितका जोरात फिरवता येत नाही.

पूर्वी पाती लाकडाची असायची, नंतर अ‍ॅल्युमिनियमची आली. एटीआरची पाती कंपोझिटची आहेत. वजनाला हलकी, पुढच्या कडेला धातूचं आवरण आणि बर्फ साचू नये म्हणून आत विजेवर तापणारे हीटर. हे काही जुनाट तंत्रज्ञान नाही.

सायकलचा गिअर आठवा

लग्नाच्या शूटिंगला येतो त्या ड्रोनच्या पात्यांचा कोन ठरलेला असतो. जास्त जोर हवा असेल तर मोटर जोरात फिरवायची, एवढंच. छोट्या ट्रेनर विमानांतही असा प्रॉपेलर असतो. हे बिनगिअरच्या सायकलसारखं झालं. चढावर जड आणि उतारावर पॅडल नुसतं गरगर फिरतं.

मोठ्या विमानात उड्डाण, चढाई आणि सरळ प्रवास या तिन्हींची गरज वेगळी असते. म्हणून तिथे पाती आपापल्या मुळाशी फिरतात आणि कोन बदलतो. मधल्या हबमध्ये तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा असते. एटीआरमध्ये तिच्यावर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरची नजर असते. फेरे वाढायला लागले की तो कोन वाढवतो. मग पातं हवेचा मोठा घास घेतं आणि फेरे पुन्हा जागेवर येतात. फेरे कमी झाले तर उलटं. फेरे तेच राहतात, गिअर बदलत राहतो. जमिनीवर उतरल्यावर हाच कोन उलटा करून ब्रेकसारखाही वापरता येतो.

फेदर म्हणजे काय?

चालत्या एसटीच्या खिडकीबाहेर हात काढू नका, पण कल्पना करा. पंजा वाऱ्याला समोर धरला तर हात मागे ढकलला जातो. पंजा आडवा केला की वारा कापला जातो.

इंजिन बंद पडलं तर समोरचा वारा प्रॉपेलरला पवनचक्कीसारखा फिरवतो आणि विमान त्या बाजूला ओढलं जातं. ते टाळायला पाती वाऱ्याच्या रेषेत वळवतात, म्हणजे ‘फेदर’ करतात. मग विमान दुसऱ्या इंजिनावर नीट उडू शकतं. म्हणजे फेदर ही जीव वाचवणारी सोय आहे. पण फेदर केलेला प्रॉपेलर विमानाला पुढे ढकलू शकत नाही, मग इंजिन चालू असो की बंद.

पोखरात काय झालं

तपास आयोगाचा अंतिम अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला. उतरण्याआधी विमान चालवणाऱ्या पायलटने ‘फ्लॅप ३०’ मागितले. फ्लॅप म्हणजे कमी वेगातही विमान तरंगत राहावं म्हणून पंखाच्या मागून बाहेर येणारा भाग. सोबतच्या पायलटने “फ्लॅप ३०” असं उत्तर दिलं. रेकॉर्डरमध्ये मात्र त्या क्षणी फ्लॅप हललेच नाहीत. उलट दोन्ही प्रॉपेलरचे फेरे एकदम २५ टक्क्यांच्या खाली गेले. फ्लॅपच्या लिव्हरशेजारीच प्रॉपेलरचे दोन कंडिशन लिव्हर असतात. आयोगाच्या मते ते अनवधानाने फेदरवर गेले, हेच अपघाताचं सर्वांत संभाव्य कारण.

इंजिनात बिघाड नव्हता. एकदा इशाऱ्याचा आवाजही झाला. थोड्या वेळाने फ्लॅप ३० वर गेले, पण कंडिशन लिव्हर तसेच राहिले. पायलट म्हणत राहिले की इंजिनातून ताकदच येत नाहीये. साधारण एका मिनिटात सगळं संपलं.

अहवाल फक्त हातावर बोट ठेवत नाही. विमानतळ नवा होता, १ जानेवारीलाच सुरू झालेला. डोंगरांमुळे घट्ट वळण घेऊन उतरावं लागत होतं. त्या मार्गाचे धोके आधी नीट तपासले नव्हते, प्रशिक्षण कमी पडलं, कॉकपिटमधली शिस्तही ढिली होती.

मग चूक कोणाची? डिझाइनची?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो हाच. हा प्रश्न जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे पायलट उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकंच आत घ्यायचे. अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं की दोन्ही कंट्रोल शेजारी आणि सारखेच आहेत. त्याने एकाला चाकाचा आणि दुसऱ्याला पंखासारखा आकार सुचवला. आज मोठ्या विमानांत मुठींचे आकार वेगळे ठेवायचा नियमच आहे. तरीही पोखरा घडलं.

“मग ‘आर यू शुअर?’ असा पॉपअप टाका ना!” पण इंजिनाला आग लागली असताना पायलटला पॉपअप वाचायला वेळ कुठून? आणि आपण स्वतः किती पॉपअप वाचून ‘ओके’ दाबतो?

“मग सगळं ऑटोमॅटिक करा.” त्याचंही उत्तर आहे. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआरमध्ये यंत्रणेने चुकीच्या सिग्नलवरून एका इंजिनाचा प्रॉपेलर आपोआप फेदर केला. घाईत पायलटने दुसरं, चांगलं चाललेलं इंजिन बंद केलं. ४३ जण गेले. पुलाला घासून जाणाऱ्या त्या विमानाचा डॅशकॅम व्हिडिओही जगभर फिरला.

माझ्या मते खरा धडा ‘उत्तर’ आणि ‘स्थिती’ यांतल्या फरकाचा आहे. “फ्लॅप ३०” हे उत्तर होतं, पण फ्लॅप तिथे नव्हते. सर्व्हरने ‘झालं’ म्हटलं म्हणून डेटाबेसमध्ये नोंद झालीच असं नसतं, जाऊन बघावं लागतं. कॉकपिटमध्येही लिव्हर ओढल्यावर डायल बघायची सवय प्रशिक्षणातूनच लागते. दोन्ही प्रॉपेलर खाली उतरताना एकदम फेदर झाले, तर यंत्रणेने एका आवाजावर न थांबता काय झालंय ते स्पष्ट सांगावं, ही अपेक्षाही मला रास्त वाटते.

मग बसायचं की नाही?

बसायचं. छोट्या धावपट्टीवर आणि कमी इंधनात एटीआर जे करतं, ते मोठ्या जेटला परवडत नाही. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, पण तासाभराच्या प्रवासात त्याने फारसा फरक पडत नाही. आणि प्रॉपेलर जुना झालाय म्हणावं, तर जीई आणि साफ्रान यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या ‘राइझ’ प्रकल्पात उघड्या पात्यांचंच इंजिन आहे. २० टक्के इंधन वाचवायचं त्यांचं उद्दिष्ट आहे.

धोका पंख्यात नव्हता. नव्या विमानतळावर घाईने वाहतूक सुरू करण्यात होता, मार्ग न तपासण्यात आणि कमी प्रशिक्षणात होता. आपल्याकडेही छोटे विमानतळ वाढत आहेत. तेव्हा पुढचा फॉरवर्ड आला की ‘पंखा होता का?’ यापेक्षा ‘उतरायचा मार्ग तपासला होता का, पायलटला त्याचं प्रशिक्षण होतं का?’ असं विचारा.