कुलाब्याचा शोध आणि ट्रॉम्बेचा झोत

१९९४ हे साल मुंबईच्या ज्ञानेतिहासात ठळक अक्षरांनी लिहून ठेवावे असे होते. पण मुंबईकरांना आज त्याची आठवणही उरलेली नाही! त्या वर्षाच्या जानेवारीत कुलाब्याच्या टोकाला समुद्राशी भिडून उभ्या असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी, पवईच्या आयआयटीतील व फ्रान्समधील सहकाऱ्यांसह, एक शोध जगापुढे ठेवला. यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन या चार मूलद्रव्यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विन, म्हणजे शून्याखाली २६१ अंश सेल्सियस तपमानाला, अतिसंवाहकता प्रकट होते, असा तो शोध होता. त्याच सुमारास अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने निकेलच्या जागी पॅलेडियम घालून हेच तपमान २३ केल्विनपर्यंत नेले आणि 'बोरोकार्बाइड' या नव्या पदार्थकुलाकडे जगभरच्या प्रयोगशाळा धावल्या. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अमेरिकेचे क्लिफर्ड शल आणि कॅनडाचे बर्ट्राम ब्रॉकहाउस यांना मिळाले. न्यूट्रॉनांचा झोत पदार्थावर सोडून, ते कसे विखुरतात यावरून पदार्थाचे अंतरंग वाचण्याच्या विद्येचे हे दोघे आद्य आचार्य होत. पदार्थ मुंबईत जन्मला आणि तो वाचण्याच्या विद्येचा गौरव त्याच वर्षी स्टॉकहोमला झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काय संबंध आहे आणि त्यातून या शहराने व या देशाने कोणता बोध घ्यावयाचा, हे आज स्पष्टपणे मांडणे आम्हांला अगत्याचे वाटते.

अतिसंवाहकता म्हणजे काय? १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कॅमरलिंग ओन्नेस यांना असे आढळले की, पारा सुमारे ४.२ केल्विनपर्यंत थंड केला की त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा होतो. पुढे १९३३ मध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवून दिले की, असा पदार्थ आपल्या अंगात चुंबकीय क्षेत्र शिरूच देत नाही. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी या कोड्याची उकल केली. इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालू लागतात आणि म्हणून त्यांची वाट कोणी अडवू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. या जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांचे परिवलन परस्परविरुद्ध असते. मध्येच एखादा चुंबकीय अणू उभा राहिला की तो दोघांना एकाच दिशेस वळवू पाहतो, आणि जोडी फुटते. म्हणून चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांचे सख्य विळ्या-भोपळ्याचे, हा सिद्धांत शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ प्रमाण मानला. १९७७ च्या सुमारास एर्बियम, रोडियम आणि बोरॉन यांच्या एका संयुगात हे वैर उघडपणे दिसले. ते संयुग ८.७ केल्विनला अतिसंवाहक होई. आणि सुमारे ०.९ केल्विनला त्यातील एर्बियमचे अणुचुंबक एका दिशेने रांगेत उभे राहिले की त्याची अतिसंवाहकता नष्ट होई.

कुलाब्याच्या शोधाने या जुन्या वैराला नवे वळण दिले. बोरोकार्बाइडांत यिट्रियमच्या जागी होल्मियम, एर्बियम, थुलियम असे चुंबकीय अणू बसवता येतात आणि तरीही अतिसंवाहकता टिकून राहते! होल्मियमच्या संयुगाची कथा तर नाटकाला शोभेल अशी आहे. सुमारे ८ केल्विनला तो अतिसंवाहक होतो. सहा केल्विनच्या आसपास त्यातील अणुचुंबक मळसूत्रासारखी वळत जाणारी रचना धारण करू लागतात. पाच केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता मरणपंथास लागते. आणि त्याखाली मळसूत्र मोडून अणुचुंबकांचे थर एकाआड एक उलट दिशांना तोंड करून उभे राहतात. एकाचा प्रभाव दुसरा पुसून टाकतो, आणि अतिसंवाहकता पुन्हा बाळसे धरते. दोन वैऱ्यांनी एका घरात राहण्याची तोड काढावी, तसा हा प्रकार!

पण मळसूत्र पाहिले कोणी आणि थर मोजले कोणी? हे काम डोळ्यांचे नव्हे, सूक्ष्मदर्शकाचेही नव्हे. क्ष-किरण मुख्यतः अणूंतील विद्युतभाराला ओळखतात. अणुचुंबकाची दिशा त्यांना सहजी दिसत नाही. १९३२ मध्ये चॅडविक यांनी शोधलेल्या न्यूट्रॉनाचे तसे नाही. त्याला विद्युतभार नाही, म्हणून तो पदार्थात खोलवर शिरतो. त्याच्या अंगी इवलेसे चुंबकत्व आहे, म्हणून वाटेतल्या प्रत्येक अणुचुंबकाची त्याला जाणीव होते. अणुभट्टीत मंद केलेल्या न्यूट्रॉनाची तरंगलांबी अणूंमधील अंतराएवढी आणि त्याची ऊर्जा अणूंच्या स्पंदनांएवढी असते, म्हणून तो अणू कोठे आहेत आणि कसे हलतात हे एकाच वेळी सांगू शकतो. फ्रान्सचे लुई नील यांनी १९३० नंतरच्या दशकात असे भाकीत केले होते की, काही पदार्थांत शेजारचे अणुचुंबक आळीपाळीने उलट दिशांना उभे असतील. बाहेरून पाहणाऱ्यास असा पदार्थ चुंबक वाटणारच नाही. मग त्याचा पुरावा आणावयाचा कोठून? १९४९ मध्ये शल आणि स्मार्ट यांनी अमेरिकेतील ओक रिज येथे मॅंगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडले आणि तो पुरावा कागदावर उतरविला. युद्धकाळात प्लुटोनियमसाठी उभारलेल्या भट्टीतून असा विद्येचा झोत निघाला.

त्यानंतर या साक्षीदाराला पुनःपुन्हा पाचारण करावे लागले. १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांत उच्च तपमानाची अतिसंवाहकता शोधली. पुढच्याच वर्षी न्यूट्रॉनांनी सांगितले की, या घराण्याचा मूळ पुरुष जो लॅंथॅनम-तांबे ऑक्साइड, तो स्वतः नीलच्या धर्तीचा चुंबकीय पदार्थ आहे. त्यात स्ट्रॉन्शियम मिसळून ती शिस्त मोडली की अतिसंवाहकता उगवते. १९९१ मध्ये ग्रेनोबल येथे यिट्रियमयुक्त तांबे-ऑक्साइडात चुंबकीय स्पंदनाची एक विशिष्ट खूण सापडली. १९९५ मध्ये ब्रुकहेवन येथे चुंबकत्व आणि विद्युतभार यांचे आळीपाळीचे पट्टे दिसले. २००८ मध्ये लोहयुक्त अतिसंवाहक जगापुढे आले, तेव्हाही त्यांच्या मूळ पदार्थात चुंबकीय शिस्त आहे हे न्यूट्रॉनांनीच दाखविले. ज्याला वैरी म्हणून हाकलले, तोच प्रत्येक वेळी दाराशी उभा! उच्च तपमानाच्या अतिसंवाहकतेला चुंबकत्वच जन्म देते काय, यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत झालेले नाही. परंतु या वादातील प्रमुख साक्षीदार न्यूट्रॉन आहे, याबद्दल दुमत नाही.

आता मुंबईकडे वळू. न्यूट्रॉनविद्या या शहराला परकी नाही. आशियातील पहिली अणुभट्टी 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेस कार्यान्वित झाली. त्याच वर्षी पी. के. अय्यंगार हे तरुण शास्त्रज्ञ कॅनडातील चॉक रिव्हर येथे ब्रॉकहाउस यांच्याकडे गेले, त्यांच्यासमवेत त्यांनी जर्मेनियममधील अणुस्पंदने मोजली, आणि परत येऊन ट्रॉम्बेत न्यूट्रॉन वर्णपटमापक उभे केले. पुढे हेच अय्यंगार अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६० मध्ये 'सायरस' आणि १९८५ मध्ये १०० मेगावॅटची 'ध्रुव' भट्टी आली. १९६० नंतरच्या दशकात ट्रॉम्बेचे वर्णपटमापक फिलिपाइन्सला गेले आणि भारतीय शास्त्रज्ञांनी तेथील लोकांना ही विद्या शिकविली. दुसऱ्यांना यंत्रे देणारा देश होता हा!

मग १९९४ मध्ये काय झाले? पदार्थ कुलाब्याला, झोत ट्रॉम्बेला. एकाच शहराची ही दोन टोके. परंतु बोरोकार्बाइडांच्या चुंबकीय रचनेचे निर्णायक चित्र मुख्यतः अमेरिकेतील भट्ट्यांवर उमटले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे म्हणून शास्त्रज्ञांना दोष देणे सोपे आहे; पण ते न्यायाचे होणार नाही. अशा प्रयोगाला निर्दोष एकस्फटिक लागतात आणि ते वाढविणारी स्वतंत्र प्रयोगशाळा लागते. नैसर्गिक बोरॉनचा पाचवा हिस्सा बोरॉन-१० हा समस्थानिक असतो आणि तो न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतो. म्हणून सगळा नमुना बोरॉन-११ वापरून नव्याने बनवावा लागतो. शिवाय झोत प्रखर हवा आणि उपकरणे अद्ययावत हवीत. यातील प्रत्येक गोष्ट पैशाने व चिकाटीने साध्य होण्यासारखी आहे, पण केवळ बुद्धीने नव्हे. बुद्धी कुलाब्याला होतीच. कमी पडली ती तिच्यामागे उभी राहावयाची साधनसंपत्ती. पिकते तेथे विकत नाही, ही म्हण बाजाराला लागू पडते. ज्ञानाच्या बाबतीत ती राष्ट्राने स्वतःवर लादून घेऊ नये.

आजची स्थिती अधिक विचार करावयास लावणारी आहे. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. 'अप्सरा' नव्या रूपात २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली खरी, पण तिची शक्ती २ मेगावॅट. देशातील न्यूट्रॉन-प्रयोगांचा मुख्य भार १९८५ च्या ध्रुववरच आहे. परदेशी जाऊन प्रयोग करू म्हणावे, तर तेथेही दारे मिटत आहेत. ज्या चॉक रिव्हरला ब्रॉकहाउस यांनी ही विद्या घडविली, तेथील एनआरयू भट्टी मार्च २०१८ मध्ये थांबली. फ्रान्समधील साक्ले आणि जर्मनीतील बर्लिन येथील भट्ट्या २०१९ मध्ये विझल्या. याउलट जपानने २००८ मध्ये आणि चीनने २०१८ मध्ये आपापले नवे स्रोत सुरू केले. युरोपीय राष्ट्रांनी मिळून स्वीडनमधील लुंड येथे नवा स्रोत उभारण्यास घेतला. ज्यांना पुढची पन्नास वर्षे दिसतात, ते आज पाया खणतात.

ज्या देशात नळाला पाणी नाही आणि शाळेला छप्पर नाही, त्याने अणुचुंबकांची मळसूत्रे कशाला मोजावी, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तरही प्रामाणिकच दिले पाहिजे. उद्या सकाळी वीज स्वस्त होईल असे आश्वासन आम्ही देणार नाही. परंतु मोठ्या रुग्णालयांत शरीराचे अंतरंग दाखविणारी एमआरआय यंत्रे अतिसंवाहक तारांच्या चुंबकांवर चालतात आणि त्या चुंबकांना थंड ठेवण्यास दुर्मीळ हेलियम लागतो. स्वस्त द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्विन तपमानाला चालणारे अतिसंवाहक १९८७ पासून माहीत आहेत. पण ते तसे का वागतात हे न कळल्यामुळे त्यांहून सरस पदार्थ आजही चाचपडतच शोधावे लागतात. कारण कळले तर वाट सापडेल. आणि ते शोधणाऱ्या तरुणाला आपल्याच देशात झोत मिळाला, तर तो तरुणही देशात राहील.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. ज्या ब्रुकहेवनच्या भट्टीने १९९५ मध्ये ते पट्टे दाखविले, ती पुन्हा कधीच पेटली नाही. १९९७ मध्ये तिच्या वापरलेल्या इंधनाच्या कुंडातून ट्रिटियम जमिनीत झिरपल्याचे उघड झाले, भोवतालच्या लोकांचा विश्वास उडाला, आणि १९९९ मध्ये ती कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. शास्त्राने मिळविलेली कीर्ती लोकांचा गेलेला विश्वास परत आणू शकली नाही! दाट वस्तीच्या शहराशेजारी भट्टी चालविणाऱ्यांनी हा धडा ध्यानी धरावा. गुप्ततेची भिंत जेथे संरक्षणासाठी आवश्यक असेल तेथे असो. पण संशोधनाचा झोत आणि सुरक्षिततेचा हिशेब ही दोन्ही उजेडात असली पाहिजेत.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. ध्रुवच्या झोतांवरील उपकरणांना सातत्याने निधी मिळावा आणि एकस्फटिक वाढविणाऱ्या प्रयोगशाळा त्यांना जोडून उभ्या राहाव्यात. विद्यापीठांतील संशोधकांसाठी तेथे आज जे दार आहे, ते रुंद करावे. कोल्हापूर, नांदेड किंवा जळगावच्या विद्यार्थ्याला ट्रॉम्बेचा झोत ग्रेनोबलइतका दूर वाटता कामा नये. आणि ध्रुव थकण्याची वाट न पाहता तिच्या वारसाचा निर्णय आजच घ्यावा, कारण अशी भट्टी आखण्यापासून पेटविण्यापर्यंत तपे जातात.

१९५६ मध्ये हा देश गरीब होता, तरी त्याने अप्सरा उभारली. आज तो स्वतःस गरीब म्हणवून घेत नाही. मग पुढचा पदार्थ कुलाब्याला, पुण्याला वा कानपूरला जन्मेल, तेव्हा त्याचे अंतरंग वाचावयास आपण परक्यांच्या दाराशी उभे राहावयाचे, की आपल्या घरचा दिवा लावावयाचा? दिल्लीने याचे उत्तर शब्दांनी देऊ नये, कृतीने द्यावे.