टायर घरी बदलायचा की दुकानात?

मे महिना संपत आला की आमच्या बेळगावात दोन ठिकाणी गर्दी होते. एक वह्या-पुस्तकांच्या दुकानात आणि दुसरी सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर. उन्हाळाभर जिन्याखाली पडून राहिलेल्या सायकली शाळा उघडायच्या आठवड्यात एकदम बाहेर येतात. कुणाची ट्यूब आत चिकटलेली, कुणाच्या टायरला भेगा. मिस्त्रीमामा म्हणतात, "परवा या." परवा गेलं की म्हणतात, "उद्या संध्याकाळी बघू." अशा वेळी घरातल्या कर्त्या माणसाच्या मनात हमखास येतं, की दोन नट तर काढायचे आहेत, आपणच का बदलू नये?

गेल्या वर्षी माझ्या मनातही तेच आलं. पुढे काय झालं ते सांगतो. त्यात माझी फजिती आहे, आणि आजही आठवलं की पोटात गोळा येतो अशी एक गोष्टही आहे.

मुलीची सायकल साधी, गिअर नसलेली, 26 इंची जाड टायरची. मागचा टायर मधोमध गुळगुळीत झाला होता आणि एका बाजूला आतले धागे दिसत होते. धागे दिसले की टायर संपला असं समजावं. कडेला भेगा, कुठे फुगवटा, किंवा महिन्यातून दोन-तीनदा पंक्चर, ही बाकीची लक्षणं. पावसाळ्यात असा टायर वापरणं म्हणजे संकटाला आमंत्रणच. ओलं रबर लवकर चिरतं, त्यामुळे रस्त्यावरची काच कोरड्या दिवसापेक्षा भिजलेल्या दिवशी जास्त सहज आत शिरते.

मिस्त्रीमामांनी "परवा" सांगितलं. मजुरी 80 रुपये. मी बाजारातून टायर, ट्यूब आणि टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या लिव्हरचा जोड घेऊन आलो. रविवारची सकाळ होती. मोबाइलवर दोन चलचित्रं बघितली. त्यातल्या माणसाला सगळ्या कामाला चार मिनिटं लागली. मला पावणेतीन तास लागले.

पहिली अडचण दुकानातच आली होती. "26 चा टायर द्या" म्हटल्यावर दुकानदारानं विचारलं, "कुठला 26?" मला वाटलं, 26 म्हणजे 26. तसं नसतं. 26 × 1⅜ हा जुन्या सायकलींचा टायर वेगळा आणि 26 × 1.95 हा जाड टायर वेगळा. एकाच्या रिमवर दुसरा बसतच नाही. म्हणून इंचावर जाऊ नका. जुन्या टायरच्या कडेवर आडवी रेघ घातलेले दोन आकडे बारीक अक्षरात असतात, 50-559 यासारखे. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. हा दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. 26 × 1⅜ चा तो आकडा 590 असतो, आपल्या आजोबांच्या काळ्या उंच सायकलीच्या 28 × 1½ चा 635, आणि हल्लीच्या 700 सी व 29 इंची या दोन्हींचा 622. दुकानात जाताना जुन्या टायरचा फोटो घेऊन गेलात तर माझ्यासारखा परत हेलपाटा पडणार नाही. ट्यूबचा व्हॉल्व्हही बघून घ्या. जुन्या सायकलींचा वेगळा, मोटारसायकलसारखा जाड वेगळा आणि शर्यतीच्या सायकलींचा बारीक वेगळा.

दुसरी अडचण टायर चढवताना आली. एक कड सहज बसली. दुसरी कड बसत बसत शेवटी वीतभर राहिली आणि तिथे अडली. मी लिव्हर घातली, जोर लावला, टायर "टक्" करून बसला. खूश झालो. हवा भरली. दहा मिनिटांत टायर बसला, पण खाली. लिव्हरनं ट्यूब चिमटली होती. शेजारी शेजारी दोन बारीक भोकं दिसली की समजावं, हा रस्त्यावरचा काटा नव्हे, आपलाच पराक्रम.

पॅच लावता आला असता, पण रागाच्या भरात दुसरी ट्यूब आणली. तेव्हा दुकानातल्या एका पोऱ्यानं जाता जाता सांगितलं, "काका, शेवट व्हॉल्व्हपाशी करा, आणि समोरची कड मध्ये ढकला." त्या एका वाक्यात सगळी विद्या आहे. रिमचा मधला भाग कडांपेक्षा खोल असतो. टायरची कड त्या खोलगट भागात उतरली की तेवढी ढिलाई मिळते, आणि मग शेवटची वीत हातानंच चढते. लिव्हरची गरज पडत नाही, म्हणून ट्यूब चिमटतही नाही. व्हॉल्व्हपाशी मात्र ट्यूब मध्ये असल्यामुळे कड खोल जाऊ शकत नाही. म्हणून सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून तिला गोल आकार द्यायचा. जुन्या टायरमधून आतून फडकं फिरवून काटा राहिला आहे का बघायचं, बोटं फिरवायची नाहीत. रिमच्या आतली पट्टी आऱ्यांची टोकं झाकते आहे ना, तेही बघायचं. टायर बसला की दोन्ही बाजूंनी दाबून ट्यूब कुठे डोकावते आहे का ते पाहायचं, आणि मगच पूर्ण हवा भरायची. ती किती, हे टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं.

दुपारी चाक बसवलं, नट 15 नंबरच्या पान्यानं आवळले, चेन ताणली. चेन मधोमध बोटानं दाबली तर साधारण अर्धा इंच हलावी, तसं केलं. हात काळे, बनियन काळी, पण छाती फुगलेली. बायको म्हणाली, "80 रुपये वाचवायला दिवस घातला." मी हिशोब केला नाही. केला असता तर लिव्हरचे 120 आणि जादा ट्यूबचे 140, असे 260 रुपये निघाले असते.

सोमवारी संध्याकाळी मुलगी क्लासहून परत येत होती. कपिलेश्वर उड्डाणपुलाचा शहापूरच्या बाजूचा उतार तुम्हाला माहीत आहे. तिनं ब्रेक दाबला, तर मागच्या ब्रेकची मूठ थेट हँडलला जाऊन टेकली. काहीच झालं नाही. तिनं डोकं शांत ठेवून पुढचा ब्रेक हळूहळू दाबला, एक पाय रस्त्यावर घासत आणला आणि उताराच्या शेवटी एका भाजीच्या हातगाडीला टेकून थांबली. गुडघा खरचटला आणि चपलेचा तळ फाटला. मागून बस येत होती, हे तिनं मला दोन दिवसांनी सांगितलं.

झालं होतं ते असं. जाड टायरच्या सायकलीला बाजारात ज्याला पॉवर ब्रेक म्हणतात तो असतो. फुगलेला टायर त्या दोन रबरांच्या मधून जात नाही, म्हणून चाक काढताना वरची वाकडी नळी तिच्या खोबणीतून सोडवावी लागते. ती मी सोडवली होती. परत अडकवली नव्हती. टायर बसल्याच्या आनंदात ब्रेक माझ्या डोक्यातूनच गेला होता.

रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल घेऊन मिस्त्रीमामांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि म्हणाले, "टायर बरा बसवलासा ओ सर." मग ब्रेकची मूठ दोन-तीनदा दाबून बघितली. मग रिम धरून चाक डावीकडे-उजवीकडे हलवलं. आतून कट् कट् असा आवाज आला. "कोन ढिला हाय. हे आधीचंच. आणखी महिना चालवली असती तर छर्रे खाल्ले असते."

मी त्या दुकानासमोर गेली वीस वर्षं उभा राहतो आहे. त्यांनी हे तीन प्रकार माझ्यासमोर शेकडो वेळा केले असतील: चाक फिरवून बघायचं, ब्रेक दाबून बघायचा, रिम धरून हलवून बघायचं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटायचं, 80 रुपये टायर चढवण्याचे आहेत. ते म्हणाले, "टायर काय, पोरंपण चढवतात. सायकल देताना बघून द्यायची असती." ब्रेकचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. कोन आवळून ग्रीस भरल्याचे 60 घेतले.

खरं तर टायर घरी बदलता येतो, हीच एके काळी मोठी गोष्ट होती. बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या स्कॉटिश पशुवैद्यानं 1888 मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी त्यानं तो बनवला होता. पण ते सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर झालं की टायर सोलून काढा, दुरुस्त करा, परत चिकटवा आणि वाळेपर्यंत वाट बघा. 1891 मध्ये फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी सुटा होणारा टायर आणला. त्याच वर्षी शार्ल तेरों हा सायकलपटू तो टायर वापरून पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत जिंकला. "घरी की दुकानात" हा प्रश्न आपल्याला पडतो, तो त्या सुट्या टायरमुळे.

आता माझं उत्तर सांगतो. पुढचा टायर घरी जरूर बदला. पुढच्या चाकाला चेन नाही, दोन नट काढले की चाक हातात. दहावी-बारावीच्या मुलामुलींना हे काम यायलाच हवं. रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडापर्यंत सायकल मारणाऱ्यांना तर पंक्चर काढताच आलं पाहिजे, कारण तिथे वाटेत मिस्त्री कुठून मिळणार? मागचा टायरही सवयीनं जमतो. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकची मूठ दाबायची नाही आणि तेलकट हात डिस्कला लावायचा नाही, एवढं पाळा.

दुकानात कधी जायचं? आजोबांची सायकल असेल तर मागच्या टायरसाठी सरळ दुकान गाठा. तिथे पूर्ण चेनकव्हर, स्टँड, कॅरिअर, मडगार्डच्या काड्या, सगळंच त्या एका आसावर आवळलेलं असतं. काढताना सगळं निघतं, बसवताना एक वायसर हमखास उरतो. चाक डुगडुगत असेल, आरा तुटला असेल, रिम वाकडी फिरत असेल, तरी दुकानच बरं. आणि घरी काहीही केलं असलं, तरी वर्षातून एकदा सायकल मिस्त्रीच्या हाताखालून जाऊ द्या. ते 80 रुपये महाग नाहीत. आणि जूनची गर्दी टाळून एप्रिलमध्ये गेलात तर "परवा या" ऐकावं लागत नाही. त्यांच्याही हाताला रिकाम्या महिन्यात काम मिळतं.

या वर्षी पुढचा टायर बदलायची वेळ आली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते बसा." मी स्टुलावर बसलो. तिनं व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात केली, शेवट हातानं केला, लिव्हरला हात लावला नाही. पाऊण तास लागला. मग तिनं न सांगता चाक फिरवलं, ब्रेक दाबला, रिम धरून हलवली. एवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. अंगणात दोन चकरा मारून, दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून थांबून दाखवलं आणि मगच सायकल फाटकाबाहेर काढली.

मी काही बोललो नाही. आत जाऊन तिला हात धुवायला साबण आणून दिला.