पोरगं सुधारलं म्हंजे काय झालं?

मिरजगावहून भाच्याची वही आली. शंभर पानी. टपालानं नाही, एकेक पानाचा फोटो काढून मोबाईलवर पाठवली. पोराचं वय सोळा. पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'माझे हिरो'. खाली पाच नावं. एक, बाबासाहेब. दोन, अब्दुल कलाम. तीन, नागराज मंजुळे, कारण त्यांचं जेऊर करमाळ्यात आणि करमाळा आपल्या कर्जत तालुक्याला लागून. चार, विराट कोहली. पाच, मामा. मामा म्हंजे मी. मुंबईच्या गोदीत ओझी उचलणारा, मॅट्रिक, चार कविता छापून आलेला मामा.

दुसऱ्या पानावर 'स्वतःला सुधारणे'. पहाटे चारला उठणे. थंड पाण्याने आंघोळ. शिव्या बंद. रोज दहा इंग्रजी शब्द पाठ. रागावर ताबा. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात : 'रिंगटोन बदलणे (आई म्हणते)'.

ती शेवटची ओळ वाचली आणि पाळी सुटेपर्यंत डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्याच्या मोबाईलवर भीमगीत वाजतं. माझी आक्का भेकड नाही. जयंतीच्या मिरवणुकीत पुढं असते. पण तिला शिर्डी आठवते. आपल्याच नगर जिल्ह्यातली (कागदावर आता अहिल्यानगर, माणसं तीच). मे २०१५. नर्सिंग शिकणारा एक पोरगा, लग्नासाठी आलेला. त्याचा मोबाईल वाजला, गाणं बाबासाहेबांचं. त्यावरून भांडण काढलं, पोराला उचलून नेलं आणि ठार मारलं. गाणं त्याच्याच खिशात वाजत होतं, कुणाच्या देवळात शिरलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी, २८ एप्रिल २०१४ ला, शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्डा. सतरा वर्षांचा पोरगा, वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून मारला. साक्षीदार फिरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या कोर्टातून आरोपी सुटले.

हे सगळं डोक्यात ठेवून आई पोराला म्हणते, बाबा, जरा सुधार.

दोस्तहो, गावात 'सुधारणे' या शब्दाचा अर्थ काय ते आपण एकदा नीट बघितलं पाहिजे. रामराम घालताना मान खाली गेली की पोरगं सुधारलं. पारावरून जाताना मोबाईल मुका केला की सुधारलं. मारुतीच्या वर्गणीत पैसे दिले आणि आपल्या जयंतीचा डीजे गावाबाहेर नेला की लई सुधारलं. बौद्धवाड्यातलं पोरगं जितकं कमी दिसेल, कमी ऐकू येईल, तितकं सुधारलेलं. आणि हीच सुधारणा पांढरपेशा व्याख्याता येऊन 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हणून विकतो. चौदा एप्रिलला त्याला आपणच बोलावतो, शाल आपणच घालतो. तो म्हणतो, बाबासाहेब खांबाच्या दिव्याखाली एकटे शिकले, ते करू शकले तर तुम्ही का नाही? आपण टाळ्या वाजवतो. च्यायला, त्यातला दंश कळत नाही आपल्याला. ते एकटे करू शकले, तू केलं नाहीस, म्हंजे चूक तुझी. जमीन नाही ही चूक तुझी. ऊसतोडीला गेल्यामुळं शाळा बुडाली ही पण तुझीच. व्यवस्था सुटली, पोरगं पकडलं.

बाबासाहेब एकटे कधी होते? परळच्या चाळीतली एक खोली. उशाला जातं, पायाशी शेळी, काच नसलेली चिमणी. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, पोराला अभ्यासाला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकाला पैसे नसले की म्हातारा लेकींच्या सासरी जायचा, त्यांचे दागिने आणून गहाण टाकायचा, पेन्शन आली की सोडवून द्यायचा. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र हातात दिलं आणि पुढं सयाजीरावांकडून महिना पंचवीस रुपयांची मदत मिळवून दिली. रमाईनं संसार ओढला, चार लेकरं मातीआड केली. ज्याच्या नावावर पुतळा उभा आहे त्या माणसाच्या अभ्यासात एवढ्या जणांची झोप आणि एवढ्या बायांचं सोनं आहे. खांबाच्या दिव्याची गोष्ट सोपी पडते, कारण तिथं कुणाचे उपकार फेडायचे नसतात आणि कुणाशी भांडायचंही नसतं.

१९४२ साली नागपूरच्या परिषदेत त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : शिकणं, चेतवणं, संघटित होणं. व्याख्याता पहिलीवर थांबतो. उरलेल्या दोन त्याच्या पाकिटात बसत नाहीत.

भाच्याच्या यादीत एक नाव नाही, ते मी घालणार आहे. मुक्ता साळवे. मांगाची पोर, वय चौदा, पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत तीनेक वर्षं शिकलेली. १८५५ साली तिनं निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे 'ज्ञानोदय' मिशनऱ्यांनी १८४२ साली आपल्या नगरमध्येच सुरू केलेलं. भाच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान ही पोरगी, पण पहाटे किती वाजता उठते ते तिनं लिहिलं नाही. आमचा धर्म कोणता, हे तिनं थेट देवालाच विचारलं. पेशवाईत तालमीपुढून गेलेल्या महारामांगाचं मुंडकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करत, ते लिहिलं. तेल-शेंदूर पाजून माणसं इमारतींच्या पायात पुरली, ते लिहिलं. आपल्या बायांना बाळंत होताना डोक्यावर छप्पर नसायचं, ते लिहिलं. एवढा सगळा हिशेब मांडला आणि मग आपल्या लोकांना सांगितलं, शिका. आधी जाब, मग शाळा. रागावर ताबा ठेवून हा निबंध झाला नसता. सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांची राग ही तेवढीच इस्टेट, ती पण कशापायी सोडायची?

तरी पहाटे चारला उठण्याची मी टिंगल करणार नाही. मीही उठतो, पाळीच्या आधी तासभर वाचतो. इंग्रजी शब्द तर वीस कर म्हणालो.

आता हिरोचं. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात, रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात बाबासाहेब विभूतिपूजेवर तुटून पडले. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. आपण काय केलं? त्यांचाच फोटो लावला, उदबत्ती पेटवली आणि भाषणं बासनात बांधली. १९७२ साली पँथर उभी राहिली, अख्खा महाराष्ट्र हादरला. १९७४ मध्ये फुटली. फुटण्यात विचारांची भांडणं होती हे मला कळतं, पण ज्याला त्याला हिरो व्हायचं होतं हेही होतंच. हे लिहिल्याबद्दल जुने लोक मला झापतील. झापू द्या.

म्हणून यादीतलं पाचवं नाव मला टोचतं. ज्या वर्षी मी दहावीला होतो, त्या वर्षी माझ्या फीसाठी आणि वह्यांसाठी आक्का कोयता घेऊन कारखान्यावर गेली होती. ती सातवीतच शाळेतून निघालेली. तिचा हा पोरगा तेव्हा कडेवर होता, फडात पाचटावर झोपायचा. हे त्याला माहीत नाही. मीही कधी सांगितलं नाही, कवितेत पण घातलं नाही. कवितेत मी विद्रोह घातला, आक्काचा कोयता राहिला. ही लाज माझी आहे, आणि ती या पानावर छापली जावी म्हणूनच हा लेख.

राहता राहिली रिंगटोन. मुंबईत बसून 'ठेव रे, घाबरतो काय' म्हणणं फार सोपं. मार खायचा तर तो खाणार, कोर्टात साक्षीदार फिरल्यावर उंबऱ्यावर बसून राहायचं ते आक्कानं. त्याला काही न सांगता मी आधी तिलाच फोन लावला. शिर्डीचं बोललो, खर्ड्याचं बोललो. कोयत्याचंही काढलं. ती बराच वेळ गप्प.

मग म्हणाली, "ते कशाला उकरतोस? गाणं राहू दे. पण कर्जतला क्लासला एकटं जायाचं न्हाई. आळीतली आणखी तिघं हायत, चौघांनी संगं जायाचं, संगं यायाचं."

परवा भाच्याचा फोन आला होता. बाकीच्या तिघांनीही तेच गाणं लावलंय म्हणाला. आता एकाचा वाजला की चौघं खिसे चाचपतात.