सायकलीची राखण

एकत्र कुटुंबांत सायकल सर्वांची असते. म्हणूनच बहुधा तिची राखण कोणाचीच नसते. धाकट्यास वाटतें, कुलूप दादानें लावलें असेल. दादास वाटतें, दिंडीस अडसर पडला असेल. सकाळीं सायकल दिसेनाशी झाली, कीं पहिला संशय घरच्या गड्यावर! पुराव्यावांचून कोणाच्या अब्रूस हात घालणें हें चोरीहून लहान पाप आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

सबब आमची सूचना अशी. नुसतें चाक अडविणारें कुलूप पुरेसें नाहीं. सायकल उचलूनही नेतां येते. फ्रेम व चाक यांतून साखळी ओंवून ती पक्क्या खांबास जखडावी. फ्रेमवर, बहुधा पायडलांच्या आसाखालीं, नंबर ठोकलेला असतो. तो घरच्या वहींत टिपून पावतीही जपावी. ओळख पटविण्यास त्यांचाच आधार. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यावर देतां येते व तिची नक्कल विनामूल्य मिळते.

चोरीचा माल जाणूनबुजून घेणारासही तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. तेव्हां बिनपावतीच्या स्वस्ताईस आमच्या वाचकांनीं भुलूं नये. गिऱ्हाईक नसेल, तर चोर तरी चोरील कशास?